पांढऱ्या दोऱ्याचं मारवेल

मला कुणी मावशी म्हटलेलं आवडत नाही. सव्वीस वर्षं कॉलेजातली पोरं मला मावशी म्हणताहेत आणि सव्वीस वर्षं मी त्यांना सांगते आहे की मी तुमच्या आईची बहीण नाही. काडीचा फरक पडलेला नाही. माझा हुद्दा प्रयोगशाळा सहायक असा आहे आणि काम आहे वाळलेलं गवत कागदावर शिवण्याचं. हे ऐकून लोक हसतात. हसू देत.

वनस्पतीशास्त्र विभागाच्या मागच्या बाजूला एक खोली आहे. तिच्यात नऊ लोखंडी कपाटं आहेत आणि कपाटांत हजारो जाड कागद. प्रत्येक कागदावर दाबून वाळवलेली एक वनस्पती, सुईदोऱ्यानं टाचलेली, आणि उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी: नाव काय, कुठे सापडली, कुणी आणली, ओळख कुणी पटवली. शास्त्रात याला हर्बेरियम म्हणतात. आमचे आत्ताचे प्राचार्य याला अडगळ म्हणतात. ते रसायनशास्त्राचे आहेत, त्यांच्या लेखी गवत म्हणजे म्हशीचं खाणं.

मी इथे लागले त्याआधी बिबवेवाडीला घरी ब्लाउज शिवत होते. त्या वेळी विभागात गवतांचे एक सर होते. आता ते नाहीत. त्यांना शिकलेलं माणूस नको होतं, सुई धरता येणारं हवं होतं. "झाडाला भोक पाडायचं नाही, कागदाला पाडायचं," एवढाच त्यांचा पहिला धडा. सर तोंडानं फटकळ होते आणि मीही ऐकून घेणारी नव्हते, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

सगळ्यात डोकेदुखी होती ती दोन गवतांची. एक मारवेल. पुण्याच्या टेकड्यांवर, रस्त्याच्या कडेला, कुठेही उगवतं, गुरं आवडीनं खातात. दुसरं हुबेहूब तसंच. तसेच जांभळट तुरे, पेरांवर तशीच पांढरी लव. त्याचं शास्त्रातलं नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला नुसतं 'खळगीचं' म्हणायचो. भिंगाखाली धरलं की त्याच्या तुसावर, म्हणजे दाण्यावरच्या टरफलावर, सुईनं टोचल्यासारखी एक बारीक खळगी दिसते. मारवेलच्या तुसावर ती नसते. फरक तेवढाच, आणि तेवढ्यासाठी पोरं परीक्षेत रडकुंडीला येतात.

ही दोन्ही गवतं एकाच कपाटात, शेजारशेजारच्या खणांत. पोरं बघायला काढायची आणि परत ठेवताना खुशाल अदलाबदल करायची. प्रत्येक वेळी भिंग घेऊन बसायला मला वेळ कुठला? मग सरांनी आणि मी एक पद्धत पाडली. सर भिंगातून बघून खात्री करायचे आणि खळगीचं असेल तर कागद माझ्याकडे देताना म्हणायचे, "हिरवा." मी शेवटचा टाका हिरव्या दोऱ्यानं घालायचे. मारवेलला सगळे टाके पांढरे. सर आठवड्याच्या शेवटी गठ्ठा पुढ्यात घेऊन चिठ्ठ्या लिहायचे. ही दोऱ्याची गोष्ट कुठेही लिहून ठेवलेली नव्हती. सर गेल्यावर ती एकट्या मला माहीत उरली.

आणि तिच्यावर मी भाव खाल्ला, हे कबूल करते. पोरं भिंगाशी झटापट करत असायची, मी दारातून बघूनच सांगायचे, हे मारवेल, ते खळगीचं. "मावशींची नजर बघा!" म्हणायची पोरं. तेवढ्यापुरतं मावशी म्हटलेलं मी चालवून घ्यायचे.

दोन वर्षांपूर्वी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी काढून घेणार आहेत.

"बाई, आपण डिजिटल होतोय," ते म्हणाले. हिंजवडीची एक कंपनी सगळे कागद स्कॅन करणार होती. त्या चित्रांवरून संगणकाला गवतं ओळखायला शिकवणार. मग कुणीही टेकडीवर जाऊन गवतापुढे फोन धरायचा, फोन नाव सांगणार.

"आणि कपाटं?" मी विचारलं.

"वाघोलीला आपलं गोडाऊन आहे ना, तिथे पाठवू. इथे इनोव्हेशन सेंटर होतंय."

वाघोलीचं गोडाऊन मी पाहिलेलं होतं. वर पत्रा, भिंतीला ओल, कोपऱ्यात मोडकी बाकं. तिथे एक पावसाळा गेला की कागदांना बुरशी धरणार आणि दुसऱ्या पावसाळ्यात गवताचा भुगा होणार, हे सांगायला वनस्पतीशास्त्र लागत नाही. मी तसं सांगितलं. प्राचार्यांनी मान हलवली. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत मान हलवायची त्यांना सवय आहे.

"घाई नाही," ते म्हणाले. "यंत्राला आपल्या माणसांपेक्षा जास्त दिसतं, असं एक तरी उदाहरण कंपनीनं मला दाखवायला हवं. ट्रस्टींना ते पटेल. एक दाखवलं, की मी सही करतो."

मी खोलीत परत आले, नऊही कपाटांना कुलपं घातली आणि ठरवलं, यंत्र तोंडावर पडलं पाहिजे.

कंपनीचे साहेब पहिल्या दिवशी स्वतः आले. त्यांनी भिंतीवर पक्ष्यांची चित्रं दाखवली. प्रत्येक पक्ष्याच्या चोचीवर किंवा डोळ्याभोवती लाल डाग, बाकी सगळं निळं. यंत्र नाव सांगतं आणि कुठे बघून सांगितलं तेही रंगवून दाखवतं, असं त्यांचं म्हणणं. "आमचं मॉडेल ट्रान्सपरंट आहे," ते तीन वेळा म्हणाले. मी विचारलं, डाग चुकीच्या जागी पडलेली चित्रंही आणलीत का? त्यांनी घड्याळात बघितलं. त्यानंतर ते आमच्या खोलीत फिरकले नाहीत, एका मुलीला पाठवलं.

मुलगी तिशीच्या आतली, गळ्यात कंपनीची पट्टी, पाठीवर लॅपटॉपची सॅक. दारातच म्हणाली, "मावशी, ओळखलंत का? मी इथूनच बीएस्सी केलंय."

"इथून दरवर्षी पन्नास मुली जातात," मी म्हटलं. "सगळ्यांची तोंडं लक्षात ठेवायचा पगार मला मिळत नाही."

ती हसली. तिच्या हसण्याचाही मला राग आला. चार महिने ती आणि तिची माणसं कागद स्कॅन करत होती आणि चार महिने मी स्टूल टाकून त्यांच्या उरावर बसले. कागद दोन्ही हातांनी धरा, वाकवू नका, फुंकर मारू नका, चहा बाहेर. तिची माणसं माझ्या नावानं बोटं मोडायची. ती मात्र प्रत्येक गोष्ट निमूटपणे ऐकायची.

स्कॅनिंग संपल्यावर महिनाभरानं ती एकटीच लॅपटॉप घेऊन आली. चेहरा काळजीचा.

"मावशी, मारवेल आणि त्या दुसऱ्यामध्ये मॉडेल जवळजवळ चुकतच नाहीये."

म्हणजे कपाटं चालली वाघोलीला. तरी म्हटलं, "मग पेढे आणायचे सोडून तोंड का पाडलंय?"

तिनं चित्रं दाखवली. खळगीच्या गवताचे माझे कागद, त्यावर तो लाल डाग. डाग तुऱ्यावर कुठेच नव्हता. प्रत्येक कागदावर तो खाली, देठाच्या तळाशी बसलेला. "चिठ्ठ्या मी झाकल्या होत्या," ती म्हणाली, "नाव वाचून सांगेल म्हणून. पण हे खाली काय बघतंय? तिथे तर काहीच नाहीये."

मी एका नजरेत ओळखलं. तिथे माझा शेवटचा टाका होता.

मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. "तुमचं यंत्र फार हुशार आहे हो," एवढं म्हणून मी कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवायला उठले. मनातून उकळ्या फुटत होत्या. चिठ्ठ्या झाकल्या आणि दोरा तसाच ठेवला! हिंजवडीत म्हणे काचेच्या इमारती आहेत.

पण ती मुलगी गप्प बसणारी नव्हती. तिनं दुसरी युक्ती काढली, आणि ती युक्ती मला तेव्हाही पटली होती. चित्राचा एक लहानसा चौकोन राखाडी रंगानं झाकायचा आणि यंत्राला पुन्हा विचारायचं. उत्तर तेच आलं तर त्या चौकोनाला महत्त्व नाही. उत्तर फिरलं, तर यंत्राचा जीव त्या चौकोनात. असं करत करत ती अख्ख्या कागदावरून सरकत गेली. तुरे झाकले, उत्तर तेच. पानं झाकली, उत्तर तेच. तळाचा टाका झाकला आणि यंत्र म्हणालं, मारवेल. तिनं तो चौकोन मोठा करून बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"मावशी, हा दोरा हिरवा का आहे?"

आता लपवून उपयोग नव्हता. मी सरांची आणि माझी पद्धत सांगितली. वाटलं, चिडेल, चार महिने फुकट गेले म्हणून आदळआपट करेल. ती पोट धरून हसली.

"म्हणजे मॉडेल अगदी तुमच्यासारखंच बघतंय की!"

मला एवढा राग आला की मी तिला खोलीबाहेर काढलं. जेवायची वेळ झाली, असं कारण दिलं. डबा उघडला आणि तसाच मिटला. तिचं म्हणणं खोटं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. मी शेवटचं भिंग कधी हातात घेतलं होतं, तेच मला आठवत नव्हतं.

तिच्या साहेबांना दोऱ्याची भानगड कळली तेव्हा त्यांनी फोनवर वेगळाच मार्ग काढला. लाल डाग काढण्याच्या रीती बऱ्याच असतात म्हणे. एका रीतीनं डाग दोऱ्यावर पडत होता, दुसऱ्या रीतीनं तो अख्ख्या गवतावर छान पसरत होता, तुऱ्यांसकट. साहेब म्हणाले, ट्रस्टींना दुसरी दाखवू. मुलीनं मग गंमत केली. यंत्रानं शिकलेलं सगळं तिनं पुसून टाकलं, त्याचं डोकं कोरं केलं आणि त्या कोऱ्या यंत्राकडून त्याच दुसऱ्या रीतीनं डाग काढून घेतला. तर चित्र जवळपास तेच! म्हणजे यंत्र काय विचार करतंय याच्याशी त्या सुंदर चित्राचा संबंधच नव्हता. ते नुसतं गवताच्या कडा रंगवत होतं. हे तिनं मला दाखवलं आणि साहेबांनाही लिहून पाठवलं. साहेबांशी तिचं वाजलं. मला तिच्याबद्दल थोडं बरं वाटलं, पण ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

तिनं सगळ्या चित्रांतले सगळे दोरे पुसले, पांढरे-हिरवे दोन्ही, आणि यंत्राला पहिल्यापासून शिकवायला घेतलं. नवं यंत्र चांगलंच धडपडलं. कधी बरोबर, कधी चूक, आणि चुका अशा की पहिल्या वर्षाच्या पोरानंही करू नयेत. त्या दिवशी मी तिला माझ्या थर्मासातला चहा दिला. सव्वीस वर्षांत असा चहा मी फार थोड्यांना दिला आहे.

प्राचार्यांनी बैठक ठरवली. आदल्या दिवशी दुपारी ती चुकांची यादी घेऊन आली. यंत्राचं उत्तर आणि आमची चिठ्ठी जिथे जुळत नव्हती, ते कागद काढून मी स्वतः तपासायचे आणि चूक कुणाची ते सांगायचं, असं ठरलं होतं. मी खुशीत होते. एका कागदावर लाल डाग घडीच्या रेषेवर होता, दुसऱ्यावर जुन्या डिंकाच्या ठिपक्यावर. "चूक यंत्राची," मी म्हणायचे, ती खूण करायची. असं करत आम्ही शेवटच्या कागदाशी आलो.

तो कागद मला न बघता काढता येतो. आमच्या संग्रहातलं सगळ्यात देखणं मारवेल. देठ सरळ, तुरे पंख्यासारखे उलगडलेले, एक तूसही गळलेलं नाही. मीच शिवलेलं. आमच्याकडे परीक्षेत स्पॉटिंग असतं: टेबलावर नमुने मांडायचे, चिठ्ठ्या झाकायच्या, पोरांनी एकेका नमुन्यापुढे उभं राहून नाव लिहायचं. मारवेल म्हणून मी दर वर्षी हाच कागद मांडत आले. कित्येक पोरं यावरूनच मारवेल शिकली.

यंत्र म्हणत होतं, खळगीचं.

"चूक यंत्राची," मी म्हटलं.

तिनं खूण केली नाही. तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. या वेळी डाग मुठीएवढा पसरलेला नव्हता. तुऱ्यावर मुगाएवढे चार-पाच लाल ठिपके होते, प्रत्येक ठिपका एकेका तुसावर. तिनं एक ठिपका मोठा करत नेला आणि हळूच म्हणाली, "बघा ना मावशी. खड्डा दिसून राहिला."

इतके महिने ती तुमच्याआमच्यासारखंच बोलत होती, मधे मधे इंग्रजी. हे 'दिसून राहिला' ऐकलं आणि मला ती आठवली. तोंड नाही आठवलं, आवाज आठवला.

यवतमाळकडची मुलगी. हॉस्टेलवर राहायची, मोठ्यानं बोलायची. शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल होती. या कागदापुढे उभं राहून तिनं खळगीच्या गवताचं नाव लिहिलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे कशावरून? ती म्हणाली, "सर, याच्यात तर खड्डा दिसून राहिला." परीक्षक हसले. खड्ड्याला नाही, तिच्या बोलण्याला हसले. मग मागच्या मुली हसल्या. मीही हसले. परीक्षकांनी चिठ्ठी उघडली, तिच्यावर मारवेल. तरी पोरगी हटेना, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "बाई, कागद बरोबर आहे ना?"

मी टेबलापासून चार पावलांवर होते. तिथूनच बघितलं. सगळे टाके पांढरे. म्हटलं, "मारवेलच आहे, सर. मुलीला भिंग धरता येत नाही."

अगदी हेच शब्द. मी ते विसरले होते. ती विसरली नव्हती.

"मी त्यानंतर गवतं सोडून दिली," ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली. "मला वाटलं, माझ्या डोळ्यांतच काहीतरी कमी आहे. सगळ्यांना दिसतं ते मला दिसत नाही. म्हटलं, मग मशीनलाच बघायला शिकवावं." आणि ती हसली, पण तिला हसायचं नव्हतं हे मला दिसत होतं.

मी ड्रॉवरमधून भिंग काढलं. काचेवर धूळ होती, पदरानं पुसली. खळगी शोधावी लागलीच नाही. पहिल्याच तुसावर होती. दुसऱ्यावर होती. तिसऱ्यावर होती. बारीक, गोल, स्वच्छ, सरांनी दाखवली होती तशी.

कसं झालं असेल, तेही आठवलं. तेव्हा हिरवं रीळ संपलं होतं. रविवार पेठेतून आणायचं राहून गेलं होतं. सर "हिरवा" म्हणाले होते आणि मी, नंतर बदलू, म्हणून पांढऱ्या दोऱ्यानंच टाका घातला. नंतर बदलायचं राहिलं. सरांनी आठवड्यानं गठ्ठ्यातला दोरा बघूनच चिठ्ठी लिहिली असणार. माझ्या दोऱ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

"काय लिहू?" तिनं विचारलं.

"आज डोळे दुखताहेत," मी म्हटलं. "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये चौघं होतो: ते, हिंजवडीचे साहेब, ती आणि कागद घेऊन मी. तिनं यंत्राच्या चुका आधी दाखवल्या, एकही लपवली नाही. साहेबांचा चेहरा उतरत गेला. मग तिनं तो कागद दाखवला. "सर, तुम्ही एक उदाहरण मागितलं होतं," ती म्हणाली. "इथे चिठ्ठी चुकीची आहे, असं मॉडेलचं म्हणणं आहे. आणि ते तुसावरच बघतंय, दुसरीकडे कुठेही नाही. हे ठिपके झाकले की उत्तर फिरतं."

प्राचार्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "मला तर ठिपका दिसतोय नुसता. बाई, तुम्ही सांगा. खळगी आहे का ती?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणायचं आणि प्राचार्यांनी सही करायची, एवढंच उरलं होतं. मला वाघोलीचा तो पत्रा दिसला. नऊ कपाटं टेम्पोत चढवणारे हमाल दिसले. ती मुलगीही समोरच होती, तिच्याकडे मी बघितलं नाही.

"खळगी नाही, सर," मी म्हटलं. "किडीनं पाडलेलं भोक आहे. जुन्या कागदांना होतं असं. यंत्राला ती खळगी वाटली."

तोवरच्या इतक्या वर्षांत मी माझ्या कपाटांना एक कीड लागू दिली नव्हती. दर पंधरा दिवसांनी गोळ्या, दर पावसाळ्यानंतर ऊन दाखवणं, दारं-खिडक्यांच्या फटींना कापड. त्या दिवशी मी ती तोंडानं लावली.

ती काहीही म्हणू शकली असती. भिंग मागवा म्हणाली असती, तर मी तिथेच संपले असते. तिनं माझ्याकडे बघितलं, अशा चेहऱ्यानं की हे उत्तर तिला आधीच ठाऊक होतं. मग तिनं लॅपटॉप मिटला.

"मावशी म्हणताहेत तर तसंच असेल," ती म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात साहेबांनी तिला इंग्रजीत झापलं. गृहपाठ न करता क्लायंटपुढे येता, आमची लाज घालवता, असं काहीसं. मी कागद छातीशी धरून त्यांच्या बाजूनं निघून गेले.

कपाटं राहिली. इनोव्हेशन सेंटर कॅन्टीनच्या वरच्या मजल्यावर गेलं, तिथे आता पोरं टेबल टेनिस खेळतात. प्राचार्यांनी मात्र माझं बोलणं मनावर घेतलं. कीड लागली आहे ना, मग फवारणी करून घ्या! तोंडाला फडकी बांधलेली दोन माणसं आली आणि नसलेल्या किडीवर औषध मारून गेली. दोन दिवस मी त्या वासात व्हरांड्यात बसून काढले. गवतांचं काम कंपनीनं गुंडाळलं. ती मुलगी आता यंत्राला मोटारीच्या पत्र्यावरचे ओरखडे ओळखायला शिकवते, असं तिच्या वर्गातल्या एकीकडून कळलं.

महिन्याभरानं गेटवरच्या वॉचमननं एक लहान खोका आणून दिला. वर माझं नाव होतं, मावशी नाही, पूर्ण नाव आणि हुद्दा. आत हिरव्या दोऱ्याचं रीळ. रंग अगदी तोच, शोधायला बरीच दुकानं हिंडली असणार. सोबत एक अक्षर नाही. रीळ संपल्याचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं ते स्वतःच ओळखलं होतं. टोमणे मारण्यात पुणेकरांचा हात कुणी धरत नाही, अशी माझी समजूत होती. मी संतापानं ते रीळ केराच्या टोपलीत टाकलं. संध्याकाळी घरी निघताना परत काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

या वर्षी स्पॉटिंगला मी तो कागद मांडला नाही. परीक्षा संपल्यावर खोलीचं दार लावून घेतलं, सुई ओवली आणि शेवटचा पांढरा टाका उसवून हिरवा घातला. दोन मिनिटांचं काम. एका मुलीला एकाच कागदावरून मी दोनदा खोटं पाडलं, आणि दुसऱ्या वेळी मला सगळं दिसत होतं. याची मला लाज वाटते. पुन्हा तशी वेळ आली तर मी काय करीन, हे मात्र मला सांगता येत नाही.

नाव बदललं की जुनी चिठ्ठी फाडायची नसते. तिच्या वर नवी चिकटवायची आणि नव्या चिठ्ठीवर लिहायचं: नवं नाव, तारीख, आणि 'ओळख पटवली' या शब्दांपुढे ज्यानं ओळखलं त्याचं नाव. सरांनी शिकवलेली रीत. मी चिठ्ठी केली. नाव लिहिलं, तारीख घातली. शेवटच्या रकान्यात सरांचं नाव घालता येत नाही, माझं तर नाहीच. यंत्राच्याही आधी ते एका मुलीनं ओळखलं होतं, साध्या भिंगातून, सगळे हसत असताना. तिचं नाव घातलं आणि कुणी वाचलं, तर कपाटांचा विषय पुन्हा निघेल.

ते नाव लिहायला अर्धं मिनिट लागेल. चिठ्ठी मार्चपासून ड्रॉवरमध्ये आहे आणि तो रकाना अजून कोरा आहे.